पाहुण्याच्या भाकरीला पाच चिंचोके

अकोला, मंगळवार

परदेशी माणसाला आपले जेवण कसे लागते, हा प्रश्न मी गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांना विचारला. पुण्यात जपानी अभियंते भेटले, जर्मन विद्यार्थिनी भेटल्या, एक कोरियन कुटुंब माझ्याच इमारतीत तीन वर्षे राहिले. उत्तरे दोनच मिळाली. फार छान, आणि थोडे तिखट. एवढ्यावर काही लिहिता येत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात इथिओपियाचा एक विद्यार्थी ज्वारीवर काम करतो, असे एका परिचिताने सांगितले तेव्हा जानेवारीतले पाच दिवस काढून मी वऱ्हाडात गेले. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. ती खाऊन वाढलेल्या माणसाला आपली भाकरी कशी लागते, हे विचारायचे होते.

त्याचे नाव तादेसे. वय तिशीच्या आसपास, उंच, अंगाने सडपातळ. साडेतीन वर्षे तो अकोल्यात आहे. हिंदी तो वसतिगृहाच्या मेसमध्ये शिकला आणि मराठी विद्यापीठाच्या शेतावर निंदणाऱ्या बायांकडून. त्यामुळे त्याची मराठी पूर्ण वऱ्हाडी आहे. 'मला' असा शब्द असतो हे त्याला ठाऊक आहे, पण तो 'मले' म्हणतो.

भेटल्याबरोबर त्याने मला जेवायला घातले. खोलीत एक विजेची शेगडी होती आणि खिडकीत फडक्याने बांधलेला डबा. डब्यात तीन दिवसांपूर्वी भिजवलेले ज्वारीचे पीठ होते. ते त्याने तव्यावर गोल ओतले, झाकण ठेवले आणि उलटले नाही. वरची बाजू जाळीदार झाल्यावर काढून गार होऊ दिले. याला इंजेरा म्हणतात. दिसायला आंबोळीसारखा, पण मऊ, ओलसर आणि आंबोळीपेक्षा पुष्कळ आंबट. त्यावरच लाल मसुराची तिखट आमटी वाढतात आणि त्याचाच तुकडा तोडून ती उचलतात.

मी म्हणाले, छान आहे.

"नाई आवडलं तुमाले, ताई," तो म्हणाला. "प्रत्येक घासावर पानी पेऊन राहिल्या."

मी विचारले, मग तुम्हाला आमची भाकरी कशी लागते?

"भाकर? भल्ली मस्त."

म्हणजे त्याचेही उत्तर इतरांसारखेच निघाले.

कामाविषयी मात्र तो मोकळेपणाने बोलला. वऱ्हाडात पूर्वी पावसाळी ज्वारी पुष्कळ होती. कणीस भरताना पाऊस लांबला तर दाण्यावर बुरशी चढते आणि ज्वारी काळी पडते. काळ्या ज्वारीला बाजारात कोणी विचारत नाही. अशी दोनचार वर्षे लागोपाठ गेली आणि लोकांनी सोयाबीन धरले. तादेसेने जे तीन वाण तयार केले त्यांतले एक आठवडाभर पावसात उभे राहूनही पांढरे राहते; बाकीचे दोन त्यापेक्षा कमी पाऊस सोसतात. कागदावर त्याचा क्रमांक दोन. मार्गदर्शकांचा आणि विभागाचा भरवसा त्याच्यावरच आहे. पुढच्या हंगामात त्याचे बियाणे काही शेतकऱ्यांना पेरायला द्यायचे आहे. एकच चाचणी उरली होती. ज्या बाया रोज भाकरी करतात त्यांनी ती खाऊन पसंत करायची. कागद सोमवारी द्यायचे होते आणि महिनाअखेरीस तादेसे मायदेशी परतणार होता.

"एकदा का घरातल्या बाईनं जवारीले नाव ठेवलं," तो म्हणाला, "का ते बियानं गावात पुन्हा जात नाई. कितीही चांगलं असो. म्हनून मले आताच समजलं पायजे. पेरल्यावर समजून काय फायदा?"


बाळापूर, बुधवार

विद्यापीठाच्या जीपमध्ये आम्ही तिघे होतो. तिसरे अशोक गवई, विभागातले सहायक, पन्नाशीचे, गाव बाळापूर. गाडी तेच चालवत होते. किल्ला लांबूनच दिसला. तो बघायला थांबायचे का असे मी विचारले तर गवई म्हणाले, "किल्ला कुटं जाते? बाया वावरात निंघून जातीन."

तादेसेचा बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो. हे गवईंनी घरी फोन करून सांगितले होते. त्यांच्या घरी कोणी उपास करत नाही, तेव्हा त्यांच्या पत्नीने शेजारणीला विचारून साबुदाण्याची खिचडी केली होती आणि वर घट्ट दही. तादेसेने दही बाजूला सारले आणि थोडी भाकरी आणि वरण मिळेल का म्हणून विचारले.

"उपासाले भाकर?" गवईबाई म्हणाल्या. "मंग उपास कायचा?"

त्याने समजावून सांगितले. त्यांच्या चर्चमध्ये उपासाला दूध, दही, तूप, अंडी, मांस चालत नाही. धान्य आणि डाळ चालते. गवईबाईंनी शेजारणीला हाक मारून हे सांगितले. शेजारीण दारातूनच म्हणाली, "आमचं उलटं हाये. दूध चालते, जवारी नाई चालत." दोघींनी थोडा विचार केला. मग गवईबाई म्हणाल्या, "दोघायचा उपास एका दिवशी आला तं घरात खाले काईच नाई." तादेसेला वरण-भाकरी मिळाली. दही मी खाल्ले.

चाचणी समाजमंदिराच्या ओसरीवर होती. बारा बाया आल्या होत्या. चार प्रकारच्या पिठांच्या भाकऱ्या केल्या होत्या. एक, दोन आणि तीन हे तादेसेचे वाण. चौथे पीठ मुद्दाम खराब होते. पावसात काळ्या पडलेल्या ज्वारीचे. खाणारे नीट पारख करतात की नाही हे तपासायला असे एक पीठ ठेवतात. प्रत्येक बाईला वीस चिंचोके दिले होते. भाकरी खाऊन तिच्यासमोरच्या वाटीत एक ते पाच चिंचोके टाकायचे. आवडली तर पाच, नाही आवडली तर एक. तादेसे समोरच सतरंजीवर वही घेऊन बसला होता.

एका तासात चाचणी संपली. मी वाट्या बघितल्या. चारही वाट्यांत प्रत्येकीने पाचपाच चिंचोके टाकले होते. कोणाच्याही हातात एकही चिंचोका उरला नव्हता. काळ्या ज्वारीलाही पाच.

तादेसे चौथ्या वाटीकडे बघत राहिला. मग त्याने त्या पिठाची भाकरी उचलून जवळच्या बाईला विचारले, "ही चांगली हाये, काकू?"

"चांगली हाये ना बाबू."

"कडू नाई लागत?"

"थोडीशीक. पन चांगली हाये." ती पदर सारखा करत म्हणाली, "तू जेवला काय? चेहरा उतरून गेला तुह्या."

 परतताना जीपमध्ये गवई म्हणाले, "सर, तुमी त्यायच्या समोर बसले. एवढ्या लांबून आलेलं पोरगं उपास धरून बसलं हाये अन् त्याच्या भाकरीले नाव ठेवाचं? कोन ठेवन?"

"मंग मी काय करू?"

"काई नका करू. कागद तं पक्का हाये. पाच म्हनजे पाच. सही झाली, अंगठे झाले."

तादेसेने वही उघडून पाहिली आणि मिटली. दोन क्रमांकापुढे पूर्ण गुण होते. दुसऱ्या कोणी हा कागद पाहिला असता तर त्याचे अभिनंदन केले असते.


दर्यापूरजवळ, गुरुवार

दर्यापूरकडे जाताना जमीन सपाट होत जाते आणि अधिक काळी. तुरी कापून झाल्या होत्या, कपाशीवर शेवटची बोंडे होती. हा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी भरपूर, पण खारट. त्यात डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो. प्यायला आणि स्वयंपाकाला नळाचे पाणी येते, तेही एकाआड एक दिवस.

आमचा मुक्काम वत्सलाबाई काळे यांच्याकडे होता. साठीच्या पुढच्या, घरची आठ एकर शेती, गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. घरात मुलगा आणि सून अर्चना. मुलगा दर्यापूरला शाळेत शिक्षक आहे. पाहुण्यासाठी रोडग्यांचा बेत केला होता. रवाळ कणकेचे जाड गोळे थरावर थर देऊन वळतात, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजतात, मग फोडून वर तूप सोडतात. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. वऱ्हाडात पाहुण्याचा मान याच्याने होतो.

पण अंगणात आर दिसला नाही. मुलाने दर्यापूरहून कोणाचा तरी गॅस तंदूर मागून आणला होता आणि रोडगे त्यात भाजत होते. मी कारण विचारले. त्याने आवाज खाली केला. "मॅडम, फॉरेनचा माणूस. शेणात भाजलेलं खाईन काय तो?"

तादेसे हात धुवायला घरामागे गेला. तिथे गोवऱ्यांचा ढीग होता आणि त्यावर निळी ताडपत्री टाकलेली. वाऱ्याने तिचा एक कोपरा उडाला होता. तो आत येऊन म्हणाला, "गोवऱ्या हाये ना तुमच्या घरी. त्याच्यावर कावून नाई भाजत? आमची माय इंजेरा त्याच्यावरच करते. धुराचा वास येते त्याले, बरा लागते."

वत्सलाबाईंनी मुलाकडे पाहिले. "घे. ऐकलं?"

"आता ठेवले ना आत," मुलगा म्हणाला.

जेवायला तादेसे आणि गवई आधी बसले; मुलगा तंदूरपाशीच होता. ठेच्याची वाटी अर्चनाने तादेसेपासून लांब ठेवली. त्याने हात लांब करून ती ओढली आणि संपवली. इथिओपियाच्या जेवणात मिरची आपल्याहून कमी नाही. घरातल्या सगळ्यांनी हे एखाद्या पराक्रमासारखे पाहिले. त्याने दोन रोडगे खाल्ले, दोन्ही पूर्ण. कसे झाले असे वत्सलाबाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, "भल्ली मस्त, माय."

मग आम्ही बायका बसलो. अर्चनाने रोडगा फोडला आणि थांबली. बाहेरून करपलेला, आत पांढरी कच्ची कणीक. दुसरा फोडला. तोही तसाच.

"सगळे कच्चे हाये, आई," ती म्हणाली.

वत्सलाबाईंनी स्वतः एक फोडून बोटाने चाचपला. "ताई, तुमचा?"

माझाही कच्चा होता. मी कडेकडेचा खात होते.

"सांगाचं ना बाई."

"तुम्ही एवढे केलेत..."

"ते एक ठीक हाये," वत्सलाबाई म्हणाल्या. "पन या पोट्ट्यानं दोन खाल्ले. कच्ची कनीक गियली अन् मस्त म्हनते. उद्या हा आपली जवारी खाऊ घालून आपल्याले विचारनार हाये, खरं सांगा म्हनून. स्वतः तं खरं बोलत नाई."

अर्चना हसायला लागली. वत्सलाबाई हसल्या नाहीत. रोडगे पुन्हा भाजायला त्यांनी मुलाला गोवऱ्या पेटवायला लावल्या. तादेसेला काहीतरी सांगून आत बसवले. आम्ही जेवलो आणि तादेसेने पुन्हा एक खाल्ला तेव्हा पूर्ण अंधार झाला होता, आणि ते रोडगे खरोखर चांगले होते.


दर्यापूरजवळ, शुक्रवार

सकाळी आठ वाजता ओट्यावर दहा बाया जमल्या. गवईंनी चिंचोके वाटले. तादेसेने सतरंजी टाकली आणि बाळापूरसारखाच समोर बसला. अर्चनाने चूल पेटवून भाकऱ्या थापायला घेतल्या होत्या. पहिली भाकरी फिरली. पहिल्या बाईने विचार न करता पाच चिंचोके वाटीत टाकले.

"थांब," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांनी ते चिंचोके वाटीतून काढून त्या बाईच्या हातात परत दिले. मग तादेसेकडे वळल्या. "बाबू, कालचे रोडगे कसे होते?"

"मस्त होते, माय."

"कोनते? आधीचे का नंतरचे?"

तो वहीकडे बघायला लागला.

"आधीचे कच्चे होते. तुले मालूम होतं. दोन खाल्ले तू."

"पाहुना हावो ना मी."

"अन् आमी घरवाले हावो. म्हनून आमी पाच टाकतो. तू मस्त मस्त म्हनत राय, आमी पाच पाच टाकत रायतो. तुह्या जवारीचं काय होईन मंग?" मग त्यांनी विचारले, "खरं सांग. तुले आमची भाकर आवडते?"

सगळ्या बाया त्याच्याकडे बघत होत्या. गवईंनी मान खाली घातली होती. तादेसेने वही बाजूला ठेवली.

"नाई आवडत, माय."

अर्चनाने तव्यावरची भाकरी उतरवली.

"खराब नाई हाये," तो म्हणाला. "पन मले कच्ची वाटते. पीठ भिजवलं, थापलं, भाजलं, झालं. आमच्याकडे पीठ तीन दिवस आंबते. आंबलं नाई तं आमी त्याले खानं म्हनत नाई. साडेतीन वर्सं झाले. दर घासाले मी वाट पायतो, आता आंबट लागन, आता लागन. नाई लागत."

"म्हनजे शिळ्या पिठाची करता?" एकीने विचारले.

"शिळं नाई, काकू. आंबवलेलं."

"आंबील करतो तसं," दुसरी म्हणाली.

"आंबील आपन पेतो," पहिली म्हणाली. "हे लोक चावते."

त्यावर ओटाभर हशा झाला आणि तादेसेही हसला. मला हवे असलेले उत्तर मिळाले होते, पण ते माझ्या प्रश्नाला मिळाले नव्हते.

वत्सलाबाईंनी मग चाचणीच बदलली. त्यांचे म्हणणे असे की तव्यावरची गरम भाकरी कोणत्याही ज्वारीची गोड लागते, त्यात पारख करण्यासारखे काही नाही. भाकरी सकाळी होते आणि खाल्ली जाते वावरात, दुपारी. तेव्हा ती कशी आहे ते बघायचे. चार पिठांच्या भाकऱ्या चार फडक्यांत बांधायच्या, फडक्याला क्रमांकाएवढ्या गाठी मारायच्या आणि कापूस वेचायला जाताना न्यायच्या. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सोडायच्या.

"अन् तू घरी राय," त्या तादेसेला म्हणाल्या. "तुह्या तोंडाकडे पाहून बाया बोलत नाई. चिंचोके राहू दे इथंच."

"मले पाहाचं होतं, माय."

"ताई येतीन. त्या लिहून आनतीन. तू अर्चनाले इंजेरा शिकव."

म्हणून कपाशीच्या वावरात त्या दिवशी मीच गेले. साडेबारा वाजता बाया धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसल्या. वत्सलाबाईंनी फडकी सोडली. कोणीच आधी खाल्ले नाही. प्रत्येकीने भाकरी दोन्ही हातांत धरून वाकवली. काळ्या ज्वारीची तुटली आणि एकीने ती न चाखता बाजूला फेकली. बाळापूरला याच पिठाला पाच मिळाले होते.

एक नंबरबद्दल मते वेगवेगळी होती. पांढरी आहे, पण चव नाही, असे बहुतेकींचे म्हणणे. तीन नंबर वाकली, तुटली नाही, आणि तिच्याबद्दल कोणी फार बोलले नाही. त्या फक्त खात राहिल्या. चार भाकऱ्यांत सगळ्यांत आधी तीच संपली.

दोन नंबरची भाकरी दिसायला सगळ्यांत देखणी होती. पांढरीशुभ्र, गोल. एका बाईने ती वाकवायचा प्रयत्न केला, मग दोन्ही हातांनी ओढली.

"पाय वो, चामडं."

"दात असन त्यानं खावी."

"माह्या सासऱ्याले देतो. दिवसभर गप्प राहीन."

हसणे संपल्यावर वत्सलाबाईंनी तो तुकडा माझ्या हातात दिला. मी चावला. बराच वेळ चावावा लागला. मी वहीत लिहिले: क्रमांक दोन, दुपारी वातड, दहापैकी दहाजणींची नापसंती. मग एकीने विचारले, "त्याले हे कोन सांगन?"

"मी सांगीन," वत्सलाबाई म्हणाल्या.

घरी आलो तेव्हा तादेसे ओट्यावर होता. हाताला पीठ लागलेले होते. वत्सलाबाई त्याच्यासमोर बसल्या आणि एकेक क्रमांक घेऊन सांगितले. दोन नंबर शेवटी सांगितला आणि काही झाकले नाही.

"काळी नाई पडत हे खरं, बाबू. लय मोठी गोठ हाये. पन घरात कोनी खानार नाई."

त्याने तुकडा हातात घेऊन वाकवला. पुन्हा वाकवला. मग विचारले, "कावून होते असं?"

त्यांनी अर्चनाला परात आणायला सांगितली. दोन नंबरचे पीठ घेतले, गरम पाणी घातले, मळायला लागल्या. हात न थांबवता सांगत होत्या. दाणा टणक आहे, म्हणून पीठ पाणी लवकर पीत नाही. आता पी म्हटले की थोडे पिते, मग तव्यावर सगळे सोडते. पिठाला लोच नाही. थापताना कडा फाटतात, बघ. त्या फाटू नयेत म्हणून बाई पीठ जास्त मळते, मग भाकरी आणखी चिवट होते. तीन नंबरचे पीठ घेऊन त्यांनी तेच पुन्हा करून दाखवले. कडा फाटल्या नाहीत. त्यांनी तादेसेचा हात धरून परातीत ठेवला. "तूच पाय."

त्याने दोन्ही पिठे मळून पाहिली. मग हात धुवून लिहायला बसला. दोन पाने भरली. मधून मधून एखादा प्रश्न विचारत होता. पाणी किती गरम, पीठ किती दिवसांचे. गवई बाजूला उभे राहून ऐकत होते. बाळापूरच्या कागदाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

"तुह्यी डिगरी अडन काय याच्यानं?" वत्सलाबाईंनी विचारले.

"डिगरी नाई अडत, माय. जवारी अडते."

"मंग आता?"

"दोनच्यात तीन घालाव लागन. दोनचं काळं न पडनं अन् तीनचा लोच. पाच-सहा वर्सं लागतीन."

"तू रायशीन तवर?"

"नाई. दुसरा कोनी करन. मी लिहून ठेवून राहिलो."

त्या संध्याकाळी तादेसेने अकोल्याहून डब्यात आणलेल्या आंबलेल्या पिठाचा अर्चनाने इंजेरा केला. घरातल्या प्रत्येकाने एकेक तुकडा खाल्ला. वत्सलाबाईंनी अर्धा खाऊन बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मले नाई आवडला, बाबू. पन भाजला चांगला."


अमरावती, शनिवार

माझी परतीची गाडी संध्याकाळची होती. तादेसे आणि गवई मला सोडायला अमरावतीपर्यंत आले. दुपारी आम्ही बाजारातल्या एका जुन्या हॉटेलात गिला वडा खायला बसलो. डाळीचा तळलेला वडा पाण्यात भिजवून, दाबून, वर दही आणि चटणी घालून देतात. तादेसेने एक घास घेतला आणि वाढणाऱ्या माणसाला विचारले, "भाऊ, एवढा कुरकुरीत तळता, मंग पान्यात कावून बुडवता?"

"नाई बुडवला तं दही कुटं जाईन?" तो माणूस म्हणाला. "आवडला नाई काय?"

"नाई आवडला."

"मंग आलूबोंडा घ्या." त्याने प्लेट उचलली आणि आलूबोंडा आणून ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. तादेसेने आलूबोंडा संपवला आणि दुसरा मागवला.

फोन वाजला तेव्हा तो तिसऱ्याचा विचार करत होता. मार्गदर्शकांचा फोन होता. हॉटेलात गोंगाट होता म्हणून त्याने आवाज मोठा केला, त्यामुळे दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. सरांनी विचारले की दोन नंबरचे बियाणे किती पिशव्या भरायचे, सोमवारपासून कामाला माणसे लावायची आहेत.

"भरू नका सर," तादेसे म्हणाला. "दोन नंबर वाटाचा नाई."

"का? काळी पडली का कुठे?"

"काळी नाई पडली. भाकर चांगली नाई होत. दुपारी चामडं होते. दर्यापूरच्या बायांनी नापसंत केली, सगळ्यायनी."

"एका गावावरून ठरवू नकोस." सर समजुतीने बोलत होते. "बाळापूरचा कागद गवईंनी मला पाठवलाय. पूर्ण गुण आहेत. बारा बायांच्या सह्या आहेत. तुझी तीन वर्षं आहेत यात."

गवईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"सर, त्या कागदावर काळ्या जवारीलेही पाच हाये. तुमी चार नंबर पाहा."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"ते मार्क जवारीले नव्हते सर," तादेसे म्हणाला. "ते मले देल्ले होते."

 सरांनी दर्यापूरचे कागद सोमवारी सोबत आणायला सांगितले आणि पिशव्या तीन नंबरच्या किती भरता येतील ते विचारले.